यमूनंतरची ताई

हरिभाऊ आपट्यांचा विषय निघाला की 'पण लक्षात कोण घेतो?' आणि 'उषःकाल' ही दोन नावं येतात. सामाजिक एक, ऐतिहासिक एक. झाले हरिभाऊ वाचून. या निवडीत आपण काही पुस्तकांना मुकतो एवढंच नाही, जे वाचतो तेही अर्धवट समजतो, असं मला वाटतं. 'पण लक्षात कोण घेतो?'ची नायिका यमू हिचंच पाहा. तिची कहाणी ती स्वतः सांगते, तीही दादाबरोबरच्या लहानपणापासून, घरातल्या साध्या बोलीत. माहेर, लग्न, सासर यांत पानंच्या पानं जातात. म्हणून पुढे तिचं केशवपन होतं, तेव्हा वस्तरा फिरतो तो भातुकलीच्या वयापासून ओळखीच्या झालेल्या मुलीच्या डोक्यावरून. इथेच पुस्तक मिटलं, तर हरिभाऊ केवळ करुणेचे लेखक ठरतात. पण 'करमणूक' साप्ताहिकात ही कादंबरी १८९३ साली संपली आणि पाठोपाठ 'मी' आली. तिच्यातली ताईही सासरी पोळलेली आहे. मात्र ती तिथे संपत नाही. ती शिकते, इतर बायकांसाठी काम करू लागते. यमूला जी वाट दिसलीच नाही, ती लेखकाने ताईसाठी शोधली. एकटी यमू वाचणाऱ्याला हे कळायला मार्गच नाही.

यावर कोणी म्हणेल, आयुष्य थोडं, पुस्तकं अफाट. उत्तम तेवढं वाचावं. शिवाय हरिभाऊ आठवड्याच्या अंकासाठी लिहायचे, त्यामुळे पाल्हाळ आहे. 'गणपतराव', 'आजच', 'कर्मयोग' तर अपूर्णच राहिल्या. हे सगळं खरं आहे. पाल्हाळ मलाही जाणवतो, आणि 'मधली स्थिती' या त्यांच्या सुरुवातीच्या कादंबरीवर रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराची दाट छाया आहे, हेही मान्य. पण १८८५ मधली ती उसनी रहस्यमयता वाचली नसेल, तर पाच वर्षांनी त्याच लेखणीतून यमूचा आवाज उमटला ही केवढी मजल होती, ते कसं मोजणार? कच्चं लेखन याचसाठी वाचायचं. अपूर्ण कादंबऱ्यांतही लेखक कुठे अडला ते दिसतं, आणि पूर्ण कादंबरी ते सहसा दिसू देत नाही.

ऐतिहासिक कादंबऱ्या निराळ्या कप्प्यात टाकण्याची सवयही अशीच फसवी. 'उषःकाल' वाचून हरिभाऊ स्वराज्याच्या पहाटेचे लेखक वाटतात. 'वज्राघात'मध्ये त्यांनी विजयनगरचा विनाश लिहिला, आणि त्याच्या मुळाशी ठेवली रामराजाने टाकून दिलेली मेहेरजान. एका बाईवरचा अन्याय साम्राज्यापर्यंत जाऊन भिडतो. हा यमूचाच लेखक आहे, फक्त आता त्याच्या हाती राज्यं आहेत. तेव्हा 'पण लक्षात कोण घेतो?' वाचून झाली असेल तर लगेच 'मी' घ्या, आणि ताई भेटेपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका.