नऊ

पन्हाळगडापासून पावनखिंडीपर्यंतची वाट आम्ही २०१८च्या जुलैत चालायला घेतली. नऊ जण होतो आणि त्यांत एकही सराईत गिर्यारोहक नव्हता. पाच जण महाविद्यालयात मराठी शिकवणारे, तिघे संशोधक विद्यार्थी, आणि नववे आमचे सर; निवृत्त होऊन चार-पाच वर्षे झालेले. ऐतिहासिक कादंबरीतील भूप्रदेशाविषयी आमच्यात कधीचा वाद चालला होता. जी वाट आपण वर्गात इतकी रंगवून सांगतो ती एकदा पायांखालून तरी घालू, असे सरच म्हणाले. सारी वाट पन्नास-साठ किलोमीटरची. पहिल्या दिवशी करपेवाडी गाठायची होती.

पुसाटी बुरुजाकडून उतरून म्हाळुंग्याला येईपर्यंत पाऊस होता. मसाई पठारावर चढलो तेव्हा तो थांबला आणि धुके आले. आले म्हणणेही चूकच. पन्हाळा समुद्रसपाटीपासून हजार मीटरला थोडासाच कमी. आषाढात या उंचीवर ढगच टेकलेले असतात. आम्हीच ढगात शिरलो होतो.

कवितेतले धुके आम्ही पुष्कळ शिकवले आहे. ते बहुतेक दुरून पाहिलेले असते. दरीत साचलेले, खिडकीबाहेर थांबलेले, स्मृतीची उपमा व्हायला तयार. आत शिरल्यावर धुके म्हणून वेगळे काही दिसत नाही. पापण्यांवर पाणी साचते, पुढच्या माणसाची टाच दिसते आणि ओल्या जांभ्याचा हातभर तुकडा. पठार सपाट, त्यामुळे चढ-उताराचाही आधार नाही. एकमेकांशी बोलताना आमचे आवाज नकळत खाली आले होते.

मसाईच्या देवळापाशी सरांनी युक्ती काढली. प्रत्येकाने एक आकडा घ्यायचा आणि दर दहा मिनिटांनी पुढून मागे म्हणत जायचे. शेपटाला मी राहतो, म्हणाले. रेंगाळणाऱ्याला हाकलायला कोणीतरी हवेच. नऊ हा आकडा त्यांचा. पहिल्या दोन-तीन वेळा मोजणीची गंमत वाटली, कोणी संस्कृतातले आकडे म्हणाले. पुढे पाय जड झाले, बूट भिजले, आणि मोजणी भराभर उरकू लागलो.

तासाभराने चिवड्याची पिशवी मागे देण्यासाठी आठव्याने हात लांबवला. घ्यायला कोणी नव्हते.

पाचच मिनिटांपूर्वीची मोजणी पूर्ण झाली होती. 'नऊ' आम्ही सगळ्यांनी ऐकले होते.

मोबाइलला रेंज नव्हती. आम्ही हाका मारल्या. एकदा उत्तर आल्यासारखे वाटले, पण एकाला ते डावीकडून वाटले आणि दुसऱ्याला पाठीमागून. दोघे शोधायला निघाले तेव्हा बाकीच्यांनी त्यांना दंडाला धरून थांबवले. त्यावरून भांडण झाले. त्या भांडणात वापरलेले शब्द इथे लिहिण्याजोगे नाहीत.

जर्मनीतील ट्युबिंगेन येथील काही संशोधकांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितले. सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की ती वळत गेली, काही तर आपलीच वाट ओलांडून पुढे गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. आपल्याकडे याला चकवा म्हणतात. लहानपणी त्याच्या गोष्टी ऐकल्या, पुढे लोककथांच्या वर्गीकरणात तो शब्द एका कप्प्यात टाकून दिला. त्या दुपारी तो कप्प्यातून बाहेर आला.

म्हशीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज आला आणि मागोमाग घोंगड्याची खोळ घेतलेला एक धनगर धुक्यातून समोर उभा राहिला. त्याने आमचे सगळे ऐकून घेतले. "हितनं हलू नगासा. नुसतं वरडत ऱ्हावा," एवढेच बोलून तो मागे गेला. आम्ही ओरडत राहिलो. पाऊण तासाने तो सरांना घेऊन आला. ते एका तळ्याकाठी छत्री उघडून बसले होते. बुटाची नाडी बांधायला वाकले तेवढ्यात आम्ही दिसेनासे झालो. मग बराच वेळ चालल्यावर त्यांना वाटेत केळीची साल दिसली, आणि ती आपणच मघाशी टाकलेली आहे हे ओळखून ते जागीच बसले. धनगराला पैसे देऊ केले ते त्याने घेतले नाहीत, तंबाखू मात्र मागितली. आमच्यापैकी कोणाकडेच नव्हती.

कुंभारवाडी, खोतवाडी मागे पडली. सर आता मधोमध चालत होते आणि बोलत होते ते १२ जुलै १६६०च्या रात्रीविषयी. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटलेली ती माणसे याच बाजूने गेली. रात्र आषाढी पौर्णिमेची. म्हणजे ढगांमागे पूर्ण चंद्र, आणि अंधार असला तरी काळा नव्हे. आपण आज चाललो तसा पांढरा असणार, सर म्हणाले. घोडखिंडीचे आपण सांगतो, बाजीप्रभूंचे सांगतो. पण परंपरा सांगते ते सहाशे मावळे खरे धरले, तर पाठलाग सुरू असताना ते एकत्र कसे राहिले? त्यांना हाक मारता येत नव्हती. आकडे म्हणता येत नव्हते. पुढच्याच्या पाठीवर हात ठेवून गेले असतील काय? किती जण मागे राहिले असतील, आणि ते केव्हा कोणाच्या लक्षात आले असेल?

यावर एरवी आमच्यातल्या तिघांनी तरी संदर्भ दिले असते. कोणी बोलले नाही.

करपेवाडीत एका घराच्या पडवीत मुक्काम केला. चुलीशी मोजे वाळत घातले, पिठले-भाकरी झाली. झोपताना एका विद्यार्थ्याने सरांना विचारले, शेवटच्या मोजणीला तुम्ही किती अंतरावर होता? सर म्हणाले, देवळापासून मी तिनदाच आकडा म्हटला. आम्ही मोजणी सहा वेळा घेतली होती.

चौथा, पाचवा आणि सहावा 'नऊ' कोणाचा, हे त्या रात्री कोणी सांगितले नाही. नंतरही आम्ही आठ जण अनेकदा भेटलो, या सफरीविषयी बोललो, एकाने तिच्यावर लेखही लिहिला. त्यात धुके आहे, धनगर आहे, केळीची साल आहे. सरांनी तो वाचून शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्या.