माँटगोमरीचा एक रस्ता

अलाबामा राज्याच्या राजधानीत, माँटगोमरीत, डेक्स्टर अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. रुंद, सरळ आणि थोडा चढाचा. खालच्या टोकाला चौकात कारंजं, वरच्या टोकाला विधिमंडळाचा पांढरा घुमट. रमतगमत गेलं तरी पंधरा मिनिटांत संपतो. एवढ्याशा अंतरात अमेरिकेने कितीदा कूस बदलली, हे पाहून मी चाटच पडलो.

कारंज्यापाशी पूर्वी माणसांचा लिलाव व्हायचा. याच चौकातल्या एका इमारतीतून एप्रिल १८६१ मध्ये केंद्राच्या ताब्यातल्या फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागण्याच्या हुकमाची तार गेली आणि यादवी पेटली. आणि इथेच १ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी शिवणकाम आटोपून रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. गोऱ्या उतारूसाठी जागा सोडायला त्यांनी नकार दिला. त्यांना अटक झाली आणि काळ्या वस्तीने ३८१ दिवस बसकडे पाठ फिरवली. पुढारीपण आलं ते २६ वर्षांच्या एका पाद्र्याकडे, मार्टिन ल्यूथर किंगकडे. त्यांचं लाल विटांचं चर्च विधिमंडळाच्या अगदी हाकेच्या अंतरावर आहे. सत्तेच्या नाकासमोर म्हणतात ते असं!

खरं तर हा लढा यादवीनंतर उरायलाच नको होता. अमेरिकेने गुलाम मुक्त केले म्हणून जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. पुढच्या चारच वर्षांत दक्षिणेतून केंद्राचं उरलंसुरलं सैन्य माघारी गेलं आणि काळ्यांचा मताधिकार हळूहळू अटी घालून हिरावला गेला.

विधिमंडळाच्या दर्शनी ओसरीत, खांबांमध्ये, फरशीत एक पितळी तारा बसवलाय. फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने १८६१ मध्ये तिथे शपथ घेतली. १९६३ मध्ये जॉर्ज वॉलेस त्याच जागी गव्हर्नर झाले आणि वर्णभेद कायम ठेवण्याची गर्जना करून मोकळे झाले. दोनच वर्षांनी, २५ मार्च १९६५ ला, मताधिकारासाठी सेल्मा गावाहून ५४ मैल चालत निघालेला मोर्चा इथे पोहोचला तेव्हा सुमारे २५ हजारांचा जमाव झाला होता. किंगना पायऱ्या चढू दिल्या नाहीत. ते खाली रस्त्यावर, ट्रेलरवर उभे राहून बोलले. ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला.

हे सगळं पुसून टाकायचं की जपायचं, यावर इथे एकमत नाही. आवारात डेव्हिसचा पुतळा आहे. खाली चौकात २०१९ पासून रोझा पार्क्स उभ्या आहेत. आणि जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी अलाबामा सरकार एकच सुट्टी दोघांच्या जयंतीची म्हणून देतं: मार्टिन ल्यूथर किंग आणि दक्षिणेच्या फौजेचा सेनापती रॉबर्ट ली.