मालवणच्या पाण्याखाली

दोस्तांनो, दिवाळीच्या सुट्टीत मालवणला चाललात? सिंधुदुर्ग किल्ला बघालच, पण स्कूबाची बुडी मारायची तर आधी थोडी शिकवणी हवी! (पावसाळ्यात जाऊ नका हं, खवळलेल्या समुद्रात बुड्या बंद असतात.)

पाण्यात बोलता येत नाही, म्हणून खुणा शिकायच्या. गंमत बघा, अंगठा वर केला की आपण म्हणतो 'झकास'. पाण्याखाली त्याचा अर्थ 'मला वर जायचंय'! झकाससाठी अंगठा नि तर्जनी जोडून गोल करायचा.

१० मीटरवर दाब दुप्पट होतो. कान तर त्याच्या आधीच दडे बसल्यासारखे होतात. मग नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं. तरी दुखलं, तर पंजा हलवून कानाकडे बोट दाखवा. लाजून गप्प राहिलात, तर पडद्याला इजा होईल. आणि श्वास रोखायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगत जाते, ती सोडत यायची.