त्रेपन्न मीटर खाली 'हर्मिस'

कोल्हापूरकराचा समुद्र म्हणजे घाट उतरल्यावर भेटणारा तारकर्ली-मालवणचा किनारा. तिथं प्रशिक्षकाच्या आधारानं उथळ पाण्यातले मासे पाहिलेला मी श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बट्टिकलोआला पोचलो आणि खोल पाण्यात उतरणं किती वेगळं असतं ते पाहून थक्क झालो.

इथल्या समुद्रात सुमारे 53 मीटरवर ब्रिटिश आरमाराची 'हर्मिस' डाव्या कुशीवर पडली आहे. मुळापासून विमानवाहू म्हणूनच आराखडा केलेली जगातली ही पहिली युद्धनौका. 9 एप्रिल 1942 ला जपानी विमानांनी तिला गाठलं, तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हतं. 307 माणसं गेली. म्हणून खालची कुठलीही वस्तू उचलायची नाही, हे पाणबुड्यांच्या बैठकीत सगळ्यांत आधी सांगितलं गेलं.

मग वहीत सुरू झालं गणित. पन्नास मीटरवर दाब सहापट, म्हणून श्वासालाही सहापट हवा. वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल तर तिथं 120. दोनशे बारनं भरलेली 12 लिटरची टाकी वीस मिनिटांत संपते! म्हणून पाठीवर दोन टाक्या. त्यातला एक तृतीयांश वायू जायला, तेवढाच यायला आणि उरलेला तिसरा हिस्सा अडचणीसाठी, म्हणजे बहुधा जोडीदाराच्या श्वासासाठी. या तिसऱ्या हिश्शाबद्दल मला फार आदर वाटला. एवढ्या दाबाखाली साध्या हवेतल्या नायट्रोजनची नशा चढते, म्हणून मिश्रणात 35 टक्के हेलियम.

वर येणं त्याहून अवघड. अंगात मुरलेला वायू थांबत थांबत बाहेर पडू द्यावा लागतो, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. हे टप्पे जॉन स्कॉट हाल्डेननं शेळ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये मांडले. तळाशी वीस मिनिटं आणि वर यायला त्याहून जास्त वेळ! शेवटचा लांब थांबा सहा मीटरवर, शुद्ध ऑक्सिजनवर. तोच ऑक्सिजन तळाशी ओढला तर झटके येऊन माणूस बुडेल, म्हणून प्रत्येक टाकीवर ती किती खोलीपर्यंत चालते तो आकडा ठळक लिहिलेला.

पहाटे होडीवर म्होरक्यानं प्रत्येकाचा पट्टा स्वतः ओढून पाहिला, तालमीतल्या वस्तादानं पोराचा लंगोट तपासावा तसा. नियम एकच: कुणाही एकाला नको वाटलं तर सगळ्यांनी परतायचं, कारण विचारायचं नाही. आमच्याकडं पुराच्या पंचगंगेत पैजेवर उड्या मारणाऱ्या पोरांना हा नियम कुणीतरी शिकवायला हवा. निवतीच्या समुद्रात 'गुलदार' ही निवृत्त युद्धनौका पर्यटनासाठी बुडवायची योजना आखली गेली आहे, तेव्हा तर हवाच हवा.

त्या दिवशी खाली उतरायच्या दोराजवळ प्रवाहाला ओढ होती. एकानं मान हलवली. होडी वळली. परतीच्या वाटेवर पुन्हा वही उघडली गेली. उद्या उतरायचं, तर पुढचे चोवीस तास विमानात बसता येणार नव्हतं. आधी कोलंबोची तिकिटं बदलायला हवी होती.