गाळ्यातली एक्सपी

जुन्या पीसीवर कुठली विंडोज टाकायची, हे नुसतं पीसीकडे बघून ठरत नाही. कॅबिनेट फिरवून मागे काय काय जोडलंय ते आधी बघावं लागतं. मुंबईतल्या मरोळ एमआयडीसीच्या गाळ्यांमध्ये हे फार लवकर कळतं. तिथला पिवळट पडलेला पीसी इंटरनेटसाठी ठेवलेला नसतोच. तो एखाद्या कापकामाच्या राऊटर किंवा एनग्रेव्हिंग मशीनला २५ पिनांच्या पॅरलल पोर्टने बांधलेला असतो. मोटर किती आणि कधी फिरवायची याचे पल्स त्या पोर्टमधून जातात, आणि ते अगदी ठरल्या क्षणी जावे लागतात. अशी मशीनं चालवणाऱ्या माक-३ सारख्या प्रोग्रामचा पॅरलल पोर्ट ड्रायव्हर फक्त ३२ बिट विंडोजवर चालतो. बाजारात मिळणारी यूएसबी टू पॅरलल केबल प्रिंटरसाठी असते, इथे तिचा काही उपयोग नाही. अशा पीसीवर कौतुकाने ६४ बिट विंडोज टाकली, तर पीसी छान चालू होतो आणि मशीन बंद पडतं. मालकाला मात्र संध्याकाळपर्यंत जॉब कापून हवा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की एकाच कामाला जुंपलेल्या संगणकात नवेपणापेक्षा मेळ मोठा. मदरबोर्ड, विंडोज, ड्रायव्हर, प्रोग्राम आणि मशीन हा एक संच असतो आणि तो एका विशिष्ट काळात जुळलेला असतो. दुरुस्ती करणाऱ्याने तो काळ ओळखायचा. ऑक्टोबर २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरायची, शिफारस १२८ एमबीची होती. त्यामुळे ५१२ एमबीवाला पीसी तिच्यावर आरामात पळतो. ३२ बिट विंडोज १० ला कागदावर १ जीबी पुरते, पण तेवढ्यावर ती टाकली तर हार्ड डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही. विंडोज ११ ला ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० लागतं, तेव्हा तो विषयच संपला.

खरं कौशल्य सीडी आत सरकवण्याच्या आधी लागतं. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेत का ते बघायचं. फुगले असतील तर कुठलीही विंडोज टाका, पीसी अधूनमधून बंद पडणारच. मुंबईच्या दमट हवेत रॅमचे सोनेरी पट्टे काळवंडतात, ते खोडरबरने हलक्या हाताने घासायचे. सीआर २०३२ चा सेल बदलायचा, नाहीतर तारीख मागे जाते आणि फाइलींचा क्रम विस्कटतो. मग बायोस. सॅटा डिस्क एएचसीआय मोडवर असेल तर एक्सपीच्या इन्स्टॉलरला ती दिसत नाही किंवा ७बी क्रमांकाची निळी स्क्रीन येते. मोड आयडीईवर आणला की प्रश्न मिटतो. तो पर्याय नसेल तर एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचा (फ्लॉपी शोधत बसणं हे वेगळंच काम!) किंवा ड्रायव्हर आधीच मिसळलेली सीडी बनवायची. सर्व्हिस पॅक नसलेल्या मूळ सीडीला १३७ जीबीच्या पुढची डिस्क ओळखता येत नाही, म्हणून २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ ची सीडी हाताशी ठेवावी. त्यानंतर चिपसेटचा ड्रायव्हर पहिला, बाकीचे मागून.

मराठी काम असेल तर आणखी एक टिचकी मारायची राहते. एक्सपीत मंगल फाँट असतो, पण रीजनल सेटिंग्जमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा चौकोन टिक करून पुन्हा सीडी दिल्याशिवाय जोडाक्षरं जुळत नाहीत आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. जुन्या लग्नपत्रिकावाल्यांना याचं सोयरसुतक नसतं, कारण ते पेजमेकरमध्ये युनिकोडपूर्व फाँट वापरतात. २००१ चं पेजमेकर ७ हे त्या मालिकेतलं शेवटचं. त्यातल्या वर्षानुवर्षांच्या फाइली नव्या प्रोग्राममध्ये जशाच्या तशा उतरत नाहीत. इथेही जुनी विंडोज जपायची ती त्या फाइलींपायी.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे, आणि तो खरा आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून एक्सपीसाठीही पॅच काढला, पण अपवादावर विसंबून धंदा चालत नाही. ज्या पीसीवर बँकेचं काम किंवा ईमेल करायचं आहे किंवा जीएसटी भरायचा आहे, त्यावर मी एक्सपी टाकणार नाही. कोणी टाकूही नये. मशीनचा पीसी असेल तर लॅनची केबल काढायची आणि बायोसमधून नेटवर्क कार्डच बंद करायचं. राहिला पेनड्राइव्ह. २००८ चा कॉन्फिकर वर्म त्यातूनही पसरला होता, म्हणून ऑटोरन बंद ठेवायचं आणि त्या मशीनचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवून दुसरीकडे कुठे लावायचा नाही.

काहीजण लिनक्सचं नाव घेतात. मशीन चालवणारं लिनक्ससीएनसी हे पॅरलल पोर्टवर उत्तम चालतं, तांत्रिकदृष्ट्या कदाचित एक्सपीपेक्षा सरसच. पण ऑपरेटरच्या हाताला बसलेल्या सवयी आणि मशीनचं सगळं सेटिंग नव्याने बसवावं लागतं, आणि रात्रपाळीत अडलं तर कोणाला फोन करायचा हे आधी ठरवावं लागतं. शिवाय लिनक्सही जुन्याला कायम सांभाळतो असं नाही. २०२५ च्या डेबियन १३ या लिनक्सला ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. व्हर्च्युअल मशीनचा सल्ला जुन्या हिशेबाच्या प्रोग्रामला चांगला लागू पडतो आणि तिथे मी तोच देतो, पण मोटरच्या पल्ससाठी त्याचा भरवसा नाही.

परवान्याचं काय, हेही विचारलं जातं. कॅबिनेटवर चिकटवलेली विंडोजची पुसट प्रॉडक्ट की ही बहुतेक वेळा त्याच पीसीबरोबर आलेली असते आणि तिचा परवाना त्याच मदरबोर्डपुरता असतो. म्हणून सेल बदलायच्याही आधी तिचा फोटो काढून ठेवावा. कुणीतरी छाटून हलकी केलेली एक्सपी नेटवरून उतरवून टाकण्यात परवाना तर नाहीच, शिवाय आत काय घुसवलंय तेही कळत नाही. सगळं नीट चाललं की त्याच दिवशी अख्ख्या डिस्कची इमेज काढायची, तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायची, ती डिस्क लावून मशीन एकदा चालवून बघायचं, आणि डिस्कवर तारीख लिहून मालकाच्या कपाटात ठेवायला द्यायची.