काम येतं त्याची शिक्षा

नव्याने भरती झालेल्या लिपिकांना आणि सहायकांना कार्यालयीन कार्यपद्धती शिकवण्यात माझी नोकरी गेली. स्पर्धा परीक्षेतून आलेली ही मुलं पायाभूत प्रशिक्षणात इतके प्रश्न विचारतात की तास पुरत नाही. तीच मुलं काही वर्षांनी उजळणी वर्गाला येतात तेव्हा एकच प्रश्न असतो : "सर, आज किती वाजता सोडणार?"

सरकारी नोकरी माणसाला आळशी करते, हे लोकांचं निदान मला पटत नाही. त्याला वाकवतं ते कामाचं वाटप. शाखेत पाच टेबलं असतात. त्यातल्या एकाला टिपणी नीट लिहिता येते, म्हणून विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे, माहिती अधिकाराचे अर्ज त्याच्याकडे आणि शेजारी रजेवर गेला की त्याचा कार्यभारही त्याच्याकडेच. शेजाऱ्याला काही द्यायचंच नाही, कारण "त्याला दिलं तर होणार नाही". वेतनवाढ मात्र दोघांनाही तीन टक्केच. आश्वासित प्रगती योजनेचे 10, 20, 30 वर्षांचे टप्पेही सहसा दोघं बरोबरीनेच गाठतात.

जोखीमही अशीच एका बाजूला कललेली. निर्णय घेतला की सही मागे राहते. पुढे कधी लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, तर खुलासा त्या सहीवाल्याने द्यायचा. प्रकरण वाढलं तर विभागीय चौकशी, तीही नेमकी निवृत्तीच्या तोंडावर. 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाईल खाली पाठवणाऱ्याला त्याबद्दल नोटीस गेलेली मी पाहिली नाही. चर्चेला जावं तर साहेब बैठकीत. फाईल पुन्हा वर जाते, 'नियम तपासून सादर करावे' होऊन परत येते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की उत्साही सहायकही टिपणीत स्वतःचं मत लिहिणं सोडून देतो. 'आदेशार्थ सादर' एवढंच उरतं. माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं, आणि ते कोणत्याही आढाव्यात दिसत नाही.

कायदा नाही असंही नाही. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा 2005 चा अधिनियम, ज्याला आपण दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतो, सांगतो की सर्वसाधारणपणे कोणाकडेही फाईल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. पण ती करायची वरिष्ठाने, आणि अनेकदा फाईल असते त्याच्याच टेबलावर!

कायदा येण्याआधीही सुधारणेचा प्रयत्न झाला होता. 1980च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरला जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी अभिलेख लावले, बसण्याची व्यवस्था बदलली, कोणाचं काम काय हे लोकांना दिसेल असं केलं. 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. कागद हाताशी सापडला की कारकुनाची निम्मी चिडचिड जाते, हे त्यातलं मर्म. साहेब बदलला की असा पॅटर्न भिंतीवरच्या फलकापुरता उरतो, हे मी एकाहून अधिक जिल्ह्यांत पाहिलं.

हा लेख एखाद्या कार्यालयप्रमुखाच्या हाती पडला तर एक विनंती. आपल्या शाखेच्या कार्यविवरण नोंदवह्या मागवा, कोणाकडे किती प्रकरणं आहेत ते पाहा आणि वाटप बदला. त्याला वित्त विभागाची मंजुरी लागत नाही.