झुलत्या पुलावरची पावले

उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून हरिद्वार-ऋषिकेशला जाणाऱ्या कुटुंबांतील कर्ता पुरुष बहुधा एकाच ठिकाणी थबकतो, आणि ते ठिकाण म्हणजे राम झुला. नातवंडे केव्हाच पुलाच्या मध्यावर पोचलेली असतात. आजी पदर खोचून, कठडा घट्ट धरून निघते. मार्केट यार्डात आयुष्यभर भावांचे चढउतार निर्विकारपणे पाहिलेला गृहस्थ मात्र खालच्या गंगेकडे न पाहण्याचा निश्चय करतो आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर खिळवून चालू लागतो.

वस्तुतः हलणे हा झुलत्या पुलाचा दोष नव्हे. दोन्ही तीरांवरील मनोऱ्यांवरून ओढलेल्या जाड तारदोरांना चालण्याचा मार्ग टांगलेला असतो. भार सरकेल तसे हे दोर आपला आकार किंचित बदलतात व तो भार मनोऱ्यांकडे आणि काठावरील भक्कम पायांकडे पोचवितात. बुद्धीला हे पटते, शरीराला पटत नाही. छाती धडधडते, तळव्यांना घाम सुटतो. नवल असे की पलीकडे पाऊल टेकताच हीच धडधड आनंद ठरते. कॅनडातील कॅपिलानो येथील सुमारे ७० मीटर उंचीच्या झुलत्या पुलावर डटन व ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग केला होता. पुलावर भेटलेल्या तरुणीविषयी तेथील पुरुषांना वाटलेली ओढ ही बऱ्याच अंशी पुलाने उडविलेली धांदल होती, असा त्यांचा निष्कर्ष. भय आणि हर्ष यांची खातेवही शरीर एकच ठेवते, असे म्हणावयास हरकत नाही.

पण हे भय पहारा देते तो बहुधा चुकीच्या दारावर. मोरबीचा झुलता पूल १८७९ साली मुंबईचे गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्या हस्ते खुला झाला. दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, गुजराती नववर्षदिनी, तो पुन्हा सुरू झाला आणि चौथ्या दिवशी कोसळला. शासकीय आकड्यानुसार १३५ माणसे गेली. चौकशीत आढळले की एका मुख्य दोरातील ४९ तारांपैकी २२ तारा आधीच गंजून तुटलेल्या असाव्यात. त्या सायंकाळी पुलावर हसत झोके घेणाऱ्यांना त्या तारा दिसणे शक्यच नव्हते. तपासनिसाची सही कोरी राहिली, तर तिची किंमत तिकीट काढणाऱ्याला मोजावी लागते.

पुण्याजवळचे उदाहरण अधिक बोचरे आहे. मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा पूल झुलता नव्हता, फारसा उंचही नव्हता. म्हणूनच त्याचे कोणाला भय वाटले नाही. तो धोकादायक असल्याचे जाहीर झाले होते. तरीही १५ जून २०२५ च्या रविवारी पावसाळी पर्यटकांची गर्दी एकाच वेळी त्यावर दाटली, पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला. उंच पुलावर माणूस प्रत्येक पाऊल जपून टाकतो, ठेंगण्या पुलावर मात्र छायाचित्रासाठी दहाजणांना हाका मारतो. उभ्या गर्दीचे वजन छायाचित्रात उमटत नाही.

ब्रिटिशांनी हा धडा लवकर गिरविला. १८३१ साली मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथील झुलता पूल कूच करणाऱ्या सैनिकांच्या एकसाथ पावलांनी कोसळल्यावर, पुलावर ताल मोडून चालण्याचा दंडक सैन्यात रूढ झाला.

ऋषिकेशचाच लक्ष्मण झुला घ्या. १९२४ च्या पुरात जुना पूल वाहून गेल्यावर कलकत्त्याच्या एका व्यापारी घराण्याने दिलेल्या देणगीचा हातभार लागून उभारलेला हा पूल १९३० साली खुला झाला. जवळजवळ नव्वद वर्षे यात्रेकरू त्यावरून गेले. जुलै २०१९ मध्ये तो अशक्त झाल्याचे तज्ज्ञांनी सांगितले, तेव्हा दोन्ही तीरांवरील दुकानांचे नुकसान उघड दिसत असतानाही प्रशासनाने तो बंद केला आणि पुढे शेजारीच नव्या पुलाचे काम हाती घेतले.